काळी तीनचा प्रेलूडियम बुक्सटेहुडेने स्वतःच्या चर्चमध्ये वाजवला असेल का?

खर्जषड्ज (धागाकर्ता)

सतराव्या शतकातला ऑर्गनवादक-संगीतकार डीट्रिख बुक्सटेहुडे याच्याबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहून झालंय, पण एका मुद्द्यावर नीट वाद झालेला नाही. तो आता घालू.

पार्श्वभूमी थोडक्यात. वडील योहानेस डेन्मार्कातल्या हेलसिंगोरला सेंट ओलाय चर्चचे ऑर्गनिस्ट. मुलगा आधी हेलसिंगबोर्गला, मग १६६० पासून हेलसिंगोरच्याच जर्मनभाषकांच्या सेंट मेरी चर्चमध्ये. ११ एप्रिल १६६८ ला जर्मनीतल्या ल्यूबेकच्या मरीयनकिर्शेत (सेंट मेरी चर्च) फ्रान्झ टुंडरच्या जागी निवड झाली आणि ९ मे १७०७ ला मरेपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही.

मुद्दा असा. कारश्टेटने १९७४ मध्ये केलेल्या त्याच्या रचनांच्या यादीतला क्र. १४६, एफ-शार्प मायनरमधला प्रेलूडियम, म्हणजे ऑर्गनवरची एक मोठी स्वतंत्र रचना. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीन. उत्तर जर्मनीतले त्या काळचे ऑर्गन पाव-कॉमा मीनटोन ट्यूनिंगमध्ये असत, म्हणजे पंचम किंचित उतरवून गंधार शुद्ध ठेवलेले. त्यात या सुरावरचा मूळ मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन सूर) गोड लागतो, पण पंचमावरचा मेजर कॉर्ड (सी-शार्प, ई-शार्प, जी-शार्प) पार फाटतो, कारण ई-शार्पसाठी पट्टी एफचीच वापरावी लागते. आणि या रचनेत त्या कॉर्डवाचून पान हलत नाही.

माझं मत: ही रचना मरीयनकिर्शेच्या मोठ्या ऑर्गनवर, आहे त्या सुरात, वाजलीच नसणार. पटत नसेल तर पुराव्यासकट खोडा.

चौकस_नाना

नाट्यसंगीतात बालगंधर्वांच्या साथीला असायचा तोच ऑर्गन ना? मग एवढा गहजब कशाला? ट्यूनिंगवाल्याला बोलवायचं, रीड घासून घ्यायच्या, झालं काम.

पेटीमास्तर

नाना, तो रीड ऑर्गन. त्यात पितळी रीड असतात, पायाखालचे भाते हवा आत ओढतात आणि ओढलेल्या हवेने रीड थरथरते. पाइप ऑर्गनमध्ये उलटा कारभार, हवा दाबाने नळ्यांत सोडतात.

साखळी अशी. पट्टी दाबली की ट्रॅकर म्हणतात ती लाकडाची लांब पातळ चीप ओढली जाते आणि नळ्यांखालच्या हवापेटीतली झडप उघडते. एका पट्टीची एक झडप, पण त्या झडपेवर दहा-बारा मालिकांतल्या नळ्या उभ्या असतात. कोणती मालिका बोलेल ते स्टॉप ठरवतो. स्टॉप ओढला की भोकं पाडलेली लाकडी फळी दोन-अडीच सेंटिमीटर सरकते आणि तिची भोकं नळ्यांच्या बुडाखाली येतात. झडप आणि स्टॉप दोन्ही उघडे असले तरच नळी बोलते. पावसाळी हवेत ही फळी फुगून अडकते, कोरड्या थंडीत आक्रसून हवा गळते आणि शेजारची नळी कुजबुजायला लागते. हा दोष तेव्हाही होता, आजही आहे.

८ फुटी मालिकेतली सर्वांत खालची सीची नळी साधारण २.४ मीटर, १६ फुटीतली ४.८, ३२ फुटीतली पावणेदहाच्या आसपास. हवेचा दाब मात्र पाण्याच्या स्तंभात ७०-८० मिलिमीटर, म्हणजे किरकोळच.

भाता मारणारा माणूस हवा ढकलत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो दांड्यावर उभा राहून पाचरीच्या आकाराचा भाता फक्त उचलतो. दाब येतो तो भात्यावर ठेवलेल्या वजनांतून. म्हणून माणूस जोरात नाचला तरी आवाज वाढत नाही, आणि दोन भात्यांच्या मध्ये त्याचा पाय घसरला तर सगळ्या चर्चला कळतं.

स्वरालाप

वाचनखूण साठवली. निम्मं कळलं, पण मजा येतेय. येऊ द्या.

उत्तररात्र

पेटीमास्तरांच्या भात्यावरून एक. भाता मारणाऱ्याला रोख पैसे मोजावे लागत, आणि हिवाळ्यात विटांच्या त्या चर्चमध्ये बोटं गारठत. त्यामुळे रोजचा रियाज चर्चमध्ये होत नसे. घरी क्लाविकॉर्ड, जमलं तर पायपट्ट्यांसकट. म्हणजे ‘ऑर्गनची रचना’ पहिल्यांदा वाजायची ती घरातल्या एका हळू आवाजाच्या तंतुवाद्यावर, आणि त्याचं ट्यूनिंग ज्याचं त्याच्या हातात. काळी तीन काय, काळी चारसुद्धा तासाभरात लावून होते.

खर्जषड्ज

@उत्तररात्र, हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. लिहून ठेवतो.

ल्यूबेकर

ज्या वाद्याबद्दल बोलताय ते आधी डोळ्यांसमोर येऊ द्या. तीन मॅन्युअल (हाताच्या पट्ट्यांच्या रांगा) आणि पेडल (पायाच्या पट्ट्या), मिळून पन्नासवर स्टॉप. हाउप्टवेर्क हा नळ्यांचा मुख्य विभाग वादकाच्या समोर, ब्रुस्टवेर्क त्याच्या छातीसमोरच्या कपाटात आणि रुकपोजिटिव त्याच्या पाठीमागे, सज्जाच्या कठड्यावर. लोकांना सर्वांत जवळून ऐकू येतं ते हेच पाठीमागचं.

एकट्या पेडलला १५ स्टॉप: प्रिन्सिपाल ३२, प्रिन्सिपाल १६, सुबबास १६, ऑक्टाव ८, गेडाक्ट ८, ऑक्टाव ४, नाखटहॉर्न २, बाउअरफ्लोट २, मिक्स्चर, पोझाउने २४, पोझाउने १६, डुल्सियान १६, ट्रोमेट ८, क्रुमहॉर्न ८, कॉर्नेट २. चोवीस फूट वाचून दचकू नका. ३२ फुटी मालिका सीऐवजी एफपासून सुरू केली की सर्वांत लांब नळी २४ फुटांची येते.

यादी एवढ्यासाठी दिली की बुक्सटेहुडेच्या प्रेलूडियममध्ये पेडल एकट्याने चार-चार मात्रा बडबडत का सुटतं, ते ती बघितल्यावर कळतं. २ फुटी कॉर्नेटपासून ३२ फुटी प्रिन्सिपालपर्यंत सगळं पायाखाली असेल तर पेडलला नुसता खर्ज धरायला कोण लावेल?

हे वाद्य आज नाही. त्याच चर्चमधला मृत्युनृत्याच्या चित्रांच्या दालनातला छोटा ऑर्गनही नाही. २८-२९ मार्च १९४२ च्या रात्री, पाम संडेच्या बॉम्बहल्ल्यात दोन्ही जळाले. दक्षिण मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या, त्या फुटलेल्या अवस्थेत अजून तिथेच आहेत. आत्ताचा मोठा ऑर्गन १९६८ चा, केम्पर यांचा, १०१ स्टॉपचा. त्यावर वाजवून धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

मंद्रमध्य

ट्यूनिंगचं गणित एकदा मांडून टाकतो, म्हणजे पुढचा वाद आकड्यांवर होईल.

शुद्ध षड्ज-पंचम ७०२ सेंट (सेंट म्हणजे पेटीवरच्या अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). असे चार पंचम एकावर एक रचून जो गंधार मिळतो तो शुद्ध गंधारापेक्षा २१.५ सेंट चढा. पाव-कॉमा मीनटोनमध्ये प्रत्येक पंचम ५.४ सेंट उतरवतात, त्यामुळे गंधार बरोब्बर ३८६ वर बसतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तोच हा. आजच्या पेटीचा गंधार ४०० वर असतो, म्हणून पेटीवर कान तयार झालेल्याला मीनटोनचा कॉर्ड पहिल्यांदा उतरलेला वाटतो.

पट्ट्या लावतात या क्रमाने: ई-फ्लॅट, बी-फ्लॅट, एफ, सी, जी, डी, ए, ई, बी, एफ-शार्प, सी-शार्प, जी-शार्प. अकरा पंचम ठीक. बारावा, जी-शार्प ते ई-फ्लॅट, ७३८ च्या घरात जातो. त्याला लांडगा म्हणतात. आठ सुरांवर शुद्ध गंधार मिळतो. उरलेल्या चार सुरांवर, म्हणजे बी, एफ-शार्प, सी-शार्प, जी-शार्प यांच्यावर, गंधाराच्या जागी ४२७ सेंटचं काहीतरी येतं. शुद्धापेक्षा ४१ सेंट चढं. ही थोडीथोडकी चूक नाही, जवळजवळ पाव स्वर सरकला.

म्हणजे धागाकर्त्याने सांगितलेला सी-शार्प मेजर हा या चार नासक्यांपैकीच एक.

कोराल_प्रेमी

मंद्रमध्य यांच्या आकड्यांना जोडून उलट बाजूचं उदाहरण: डी मायनरचा पासाकाग्लिया, क्र. १६१. पेडलमधली एकच ओळ २८ वेळा येते, सात-सातचे चार भाग. पहिला डी मायनर, दुसरा एफ मेजर, तिसरा ए मायनर, चौथा परत डी मायनर. आता प्रत्येकाचा पंचमावरचा मेजर कॉर्ड बघा: ए मेजर, सी मेजर, ई मेजर, ए मेजर. चारही चांगल्या आठांत बसतात. मीनटोनवर ही रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजते, आणि ए मायनरमध्ये जाऊन जी-शार्प आला की त्याला धार येते, कारण मीनटोनमधला जी-शार्प आजच्यापेक्षा बराच उतरा असतो. माणसाला वाद्य पुरतं ठाऊक होतं. मग त्याच माणसाने १४६ मध्ये मुद्दाम लांडग्याच्या तोंडात हात का घालावा?

जावईबापू

ट्यूनिंग राहू द्या बाजूला, मुलीचं काय झालं ते सांगा. ऑगस्ट १७०३ मध्ये हँडल आणि माटेसॉन हे दोघं तरुण संगीतकार बुक्सटेहुडेची जागा बघायला आले आणि जागेबरोबर मुलगी आहे म्हटल्यावर परत गेले. मग बाखही तसाच, असं म्हणतात. नोकरी हवी तर सासरेबुवांची मुलगी करा! आपल्याकडचे घरजावई बरे म्हणायचे.

हिशेबनीस

जावईबापू, हा विनोद दरवेळी येतो, म्हणून दरवेळी उत्तर द्यावं लागतं.

माटेसॉनने लग्नाच्या अटीबद्दल लिहिलंय, ते खरं. बुक्सटेहुडेनेही टुंडरची मुलगी आना मार्गारेटा हिच्याशी ३ ऑगस्ट १६६८ ला लग्न केलं, तेही खरं. पण ‘त्या चर्चची जुनी प्रथा’ म्हणतात ते चूक. टुंडर ल्यूबेकला आला तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं. आणि अट कशासाठी? ऑर्गनिस्टच्या विधवेला, मुलींना पेन्शन नव्हतं. राहतं घरही नोकरीबरोबर जायचं. नवा माणूस कुटुंबात आला की चर्चवरचा भार टळायचा. शेवटी योहान क्रिस्टियान शीफरडेकरने सप्टेंबर १७०७ मध्ये थोरल्या मुलीशी लग्न केलं आणि त्यालाच जागा मिळाली. मुलगी १६७५ ची. १७०३ मध्ये हँडल अठराचा, ती अठ्ठावीसची. नकारासाठी आणखी कारण शोधायची गरज नाही.

लोकांना त्याच्या दुसऱ्या नोकरीत रस नसतो याचं मला जास्त वाईट वाटतं. तो ऑर्गनिस्ट होता आणि त्याच चर्चचा वेर्कमाइस्टरही. म्हणजे कारभारी, खजिनदार आणि खरेदी अधिकारी एकाच अंगात. मजुरांचे पगार, दुरुस्तीचं सामान, येणी वसूल करणं, आणि आठवड्याच्या आठवड्याला वही लिहिणं. या पदाचे पैसे वेगळे मिळत. आज त्याच्या ऑर्गनबद्दल जे काही पक्कं माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याने स्वतः लिहिलेल्या हिशेबांतूनच आलंय.

स्वरालाप

म्हणजे स्वतःच्या ऑर्गनच्या दुरुस्तीचं बिल स्वतःच पास करायचं? भाग्यवान माणूस.

हिशेबनीस

छे, मोठा खर्च विश्वस्तांच्या हातात. १६८७ मध्ये तो हॅम्बुर्गला जाऊन आर्प श्निटगरचा सेंट निकोलायमधला नवा ऑर्गन बघून आला, पुढे श्निटगरने ल्यूबेकचं वाद्य तपासलंही, पण काम काही त्याला मिळालं नाही. उत्तर जर्मनीतला सर्वांत नावाजलेला ऑर्गनकार हाकेच्या अंतरावर आणि बुक्सटेहुडेच्या वाट्याला शेवटपर्यंत डागडुजीच.

‘आबेंडम्युझिक’ या संध्याकाळच्या मैफलींचा हिशेब चर्चच्या वहीत नाही, कारण तो त्याचा स्वतःचा उद्योग. टुंडरपासून चालत आलेला, पण याने तो वर्षाच्या पाच रविवारांवर आणला: ट्रिनिटी काळाचे शेवटचे दोन आणि नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंटचे दुसरा, तिसरा, चौथा. दुपारची उपासना संपली की ४ ते ५. प्रवेश फुकट. खर्च व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून. नववर्षाच्या सुमाराला छापील संहिता त्यांच्याकडे पाठवायची, म्हणजे वर्गणीची आठवण आपोआप. १६६९ मध्येच त्याने मोठ्या ऑर्गनच्या बाजूला जादा सज्जे बांधून घेतले, त्यामुळे चाळीसेक वादक-गायक बसू लागले. गर्दी आवरायला शहराचे शिपाई लागत.

कोराल_प्रेमी

आणि १७०५ च्या २ आणि ३ डिसेंबरला, या रविवारांखेरीज, खास आबेंडम्युझिक म्हणून सम्राट लिओपोल्डच्या मृत्यूवर ‘कास्ट्रुम डोलोरिस’ आणि योझेफच्या राज्यारोहणावर ‘टेम्पलुम होनोरिस’. संहिता उरल्या, संगीत गेलं. विशीतला बाख त्या दिवसांत ल्यूबेकमध्ये होता. नोकरीच्या गावाहून, आर्नश्टाटहून, चारशेवर किलोमीटर पायी आला, चार आठवड्यांची रजा घेऊन, आणि फेब्रुवारीत परतला तेव्हा रजेच्या कितीतरी पट काळ उलटला होता. २१ फेब्रुवारी १७०६ ला चर्चच्या मंडळाने फैलावर घेतलं. नुसत्या रजेवरून नाही. कोरालमध्ये (मंडळी गातात त्या उपासनागीतांत) विचित्र फेरफार करतो, परके सूर मिसळतो, मंडळी गोंधळतात, अशीही तक्रार.

तसं ल्यूबेकमध्येही काही वेगळं नव्हतं. बुक्सटेहुडेच्या शेवटच्या वर्षांत मरीयनकिर्शेत गीतांचे क्रमांक दाखवणारे फलक लागले, कारण ऑर्गनवरचा पूर्वालाप ऐकून पुढचं गीत कोणतं ते मोजक्यांनाच ओळखता येई. ‘उपासना संगीत’ हातात धरून फलकावरचा आकडा शोधणाऱ्या मराठी चर्चमधल्या मंडळींना हे वाचून बरं वाटेल.

तंजावरकर

थोडं अवांतर. बुक्सटेहुडे जिवंत असतानाच, जुलै १७०६ मध्ये, डेन्मार्कच्या राजाने धाडलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाउ हे लुथरन मिशनरी तमिळनाडूतल्या डॅनिश वसाहतीत, तरंगमबाडीला, उतरले. त्याच मिशनमधला पुढचा माणूस श्वार्ट्झ. तंजावरच्या सरफोजीराजांचा शिक्षक आणि पाठीराखा. श्वार्ट्झच्या स्मरणार्थ राजांनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. भोसल्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यं आणि त्यांचं लिखित संगीत होतं. लुथरन जगाचा आणि मराठी माणसाचा एवढा जवळचा संबंध दुसरीकडे कुठे सापडायचा नाही.

खर्जषड्ज

छान माहिती, पण यावर वेगळा धागा काढा, नाहीतर काळी तीन राहील बाजूला.

टॅब्लेचर_टवाळ

मुळात त्या स्वरात त्याने ती रचना लिहिली हे कशावरून? स्वतंत्र ऑर्गन-रचनांपैकी एकाही रचनेची त्याच्या हातची प्रत उरलेली नाही. जे आहे ते शिष्यांच्या आणि शिष्यांच्या शिष्यांच्या नकला. ऑर्गनसंगीत छापणं परवडायचं नाही. त्याच्या हयातीत जे मोठे संग्रह छापले गेले ते व्हायोलिन, व्हायोला दा गांबा आणि हार्प्सिकॉर्डच्या सोनाटांचे, १६९४ च्या सुमाराला पहिला आणि १६९६ ला दुसरा.

तो लिहीत असे ती पद्धत जर्मन टॅब्लेचर. पाच रेषा नाहीत. प्रत्येक आवाजाची एक ओळ, स्वर अक्षरांत, वरच्या सप्तकासाठी अक्षरावर आडवी रेघ, आणि त्याच्याही वर लयीच्या खुणा. भातखंडे पद्धतीत टिंबाने सप्तक दाखवतात, त्याची ही चुलतबहीण. कागद कमी लागतो, पण नकलाकाराचा डोळा चुकला की तीन प्रकारचे घोटाळे होतात. एक, रेघ सुटली की स्वर अख्खं सप्तक खाली घसरतो. दोन, ओळींची अदलाबदल होऊन मधला आवाज खर्जात जातो. तीन, पेडलने काय वाजवायचं ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. सर्वांत खालची ओळ पायाची की डाव्या हाताची, हे आजचा संपादक ठरवतो. छापील प्रतीत तिसऱ्या ओळीवर ठसठशीत पेडल दिसतं ना, त्यातलं बरंच कुणाचा तरी अंदाज असतं.

शिवाय टॅब्लेचरमध्ये ई-फ्लॅट बहुधा डी-शार्प म्हणूनच लिहितात. कागदावरून ट्यूनिंगचा अंदाज बांधायला जाल तर हमखास फसाल.

बाखनेही पोरवयात हेच टॅब्लेचर गिरवलं. क्र. २१० ही मोठी कोराल-फँटसिया त्याच्या हातची नकललेली वायमारच्या ग्रंथालयात सापडली, २००६ मध्ये जाहीर झालं.

मध्यलय

खर्जषड्ज, मीनटोनच होतं हे तुम्ही गृहीतच धरलंय. बुक्सटेहुडेच्या चरित्रकार केराला स्नायडर यांचं म्हणणं असं की १६८३ मध्ये मरीयनकिर्शेचे ऑर्गन नव्याने लावले गेले आणि तेव्हा व्हेर्कमाइस्टरची पद्धत आली असावी. हे वरचं कारभाऱ्याचं पद नव्हे, माणसाचं आडनाव: आंद्रेआस व्हेर्कमाइस्टर बुक्सटेहुडेचा मित्रच. १७०२ च्या त्याच्या पुस्तकाला बुक्सटेहुडेने स्तुतिपर पद्य लिहिलंय. नवं ट्यूनिंग, म्हणून नवे सूर, म्हणून १४६. सरळ आहे.

पेटीमास्तर

कागदावर सरळ. नळ्यांवर काय करावं लागेल ते बघा.

सी स्थिर धरून मीनटोनवरून व्हेर्कमाइस्टरच्या तिसऱ्या पद्धतीवर जायचं, तर जी-शार्प १९ सेंट चढवायचा, सी-शार्प १४, एफ-शार्प आणि बी ९-९. ई-फ्लॅट १६ उतरवायचा, बी-फ्लॅट ११, एफ ५. डी, ई, जी, ए जवळजवळ जागच्या जागी. हे प्रत्येक मालिकेत, प्रत्येक सप्तकात. मिक्स्चरमध्ये एका पट्टीला सहा-सहा नळ्या. एकूण नळ्या हजारांच्या घरात.

चढवणं सोपं: लहान नळीचं तोंड शंकूने फाकवायचं, मोठी असेल तर कापायची. उतरवणं महाग: लहान नळीचं तोंड शंकू उलटा धरून आवळता येतं, पण मोठ्या नळीला वर धातूचा तुकडा डाख देऊन जोडावा लागतो. ई-फ्लॅटच्या सगळ्या मोठ्या नळ्यांना तुकडे. गेडाक्टचं टोपण डाखलेलं असेल तर नळीच्या तोंडाजवळचे कान वाकवून भागवायचं. रीडच्या नळ्या तेवढ्या सोप्या, तार ठोकली की जीभ आखूड होते आणि सूर चढतो.

यातही घाईची शिक्षा मिळते. हातात धरलेली नळी तापते आणि चढी बोलते. दर अंशाला सुमारे ३ सेंट. लावून ठेवली आणि थंड झाली की उतरली. जागेवर ठेवून, थांबून, परत ऐकायचं.

मध्यलय

मान्य, कष्टाचं आहे. अशक्य नाही.

हिशेबनीस

अशक्य नाहीच. पण मग वहीत दिसायला हवं. ऑर्गनचा अभ्यासक इबो ऑर्टगीसने नेमकं इथेच बोट ठेवलंय. नळी लावायची तर हवा हवी, हवा हवी तर भाता मारणारा हवा, आणि त्याला दिवसाचे पैसे. एवढ्या मोठ्या ऑर्गनचं ट्यूनिंग मुळातून बदलायचं तर भातेवाल्यांची मजुरी त्याच मापात वाढली पाहिजे. तशी ती वाढलेली नाही. तेव्हा १६८३ चं काम नेहमीची डागडुजी आणि साधं ट्यूनिंग, एवढंच. मला ऑर्टगीसचं पटतं. भातेवाल्याची मजुरी खोटं बोलत नाही.

मध्यलय

हिशेब लिहिणारा बुक्सटेहुडेच होता हे विसरू नका. मजुरी ऑर्गनकाराच्या ठोक रकमेत धरली असेल तर?

हिशेबनीस

तर तेवढ्याने रक्कम फुगेल. फुगलेली दिसत नाही.

अनवट_

वाद चालू द्या, एक उपयोगाचा प्रश्न. हे स्वतः तपासायचं असेल तर काय करायचं? घरी डिजिटल ऑर्गन आहे, चर्च नाही.

मंद्रमध्य

यंत्रातल्या टेंपरामेंटच्या (ट्यूनिंग-पद्धतींच्या) यादीत पाव-कॉमा मीनटोन असतंच. फक्त लांडगा कुठे आहे ते बघा, काही यंत्रांत तो सरकवता येतो. जी-शार्प ते ई-फ्लॅट यांच्यातच ठेवा. मग या क्रमाने:

एकटा प्रिन्सिपाल ८ घ्या. सी मेजर धरा, मग ई मेजर, मग सी-शार्प मेजर. पहिले दोन ठोके न येता स्थिर, तिसरा ओरडतो. आता तोच सी-शार्प मेजर प्लेनममध्ये: प्रिन्सिपाल ८, ऑक्टाव ४, क्विंट २ २/३, ऑक्टाव २, मिक्स्चर. आणखी वाईट. मिक्स्चरच्या नळ्या मूळ सुराशी शुद्ध पंचम-अष्टकात लावलेल्या असतात, त्यामुळे बिघडलेल्या गंधाराचा प्रत्येक वरचा सूर वेगळा कचकच करतो. शेवटी गेडाक्ट ८ एकटा. इथे बराच सोसवतो, कारण झाकलेल्या नळीत वरचे सूर कमी.

प्रतिध्वनी बंद ठेवा, नाहीतर सगळंच गोड लागेल.

कोराल_प्रेमी

आणि पेडल वाजवणार असाल तर टाचा विसरा, नुसते पंजे, डावा-उजवा आळीपाळीने. त्याची पेडलची एकट्याची धाव बहुतेक याच हिशेबाने घातलेली असते. टाच लावून जोडून वाजवलं की स्वर एकमेकांना चिकटतात आणि पोझाउनेची जीभ बोलायला उशीर करते. पेडलला प्रिन्सिपाल १६, ऑक्टाव ८, पोझाउने १६, ट्रोमेट ८ पुरे.

कोराल-प्रेलूड असेल (क्र. २०८, २०९ ‘नुन बिटन वीर’ यांनी सुरुवात करा) तर प्लेनमला हात लावू नका. उजवा हात रुकपोजिटिववर, गेडाक्ट ८ आणि सेस्क्विआल्टेरा. डावा हाउप्टवेर्कच्या एकट्या प्रिन्सिपालवर. पायाला सुबबास १६ आणि एखादा ८ फुटी.

ल्यूबेकर

मूळ आवाजाच्या सर्वांत जवळ जायचं तर ल्यूबेकमध्येच याकोबीकिर्शेतला छोटा ऑर्गन आहे. जुन्या हाउप्टवेर्कला फ्रीडरिख श्टेलवागनने १६३७ मध्ये रुकपोजिटिव आणि ब्रुस्टवेर्क जोडलं. हाच श्टेलवागन मरीयनकिर्शेच्या दोन्ही ऑर्गनवर काम करून गेला. १९४२ मध्ये याकोबी वाचलं म्हणून हा वाचला.

या वाद्याने आणखी एक लुथरन संगीतकार घडवला, ह्यूगो डिस्टलर. १९३१ ते १९३७ याकोबीचा ऑर्गनिस्ट. छोट्या ऑर्गनचा कोरडा, स्पष्ट आवाज त्याच्या ओपस ८ च्या पार्टिटांत, ओपस १८ च्या तीस छोट्या तुकड्यांत जसाच्या तसा आहे. जाड रोमँटिक थर नाहीत, दोन-तीन ओळी आणि त्यांच्यात मोकळी हवा. १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला, पुढे बर्लिनला, आणि १ नोव्हेंबर १९४२ ला चौतिसाव्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं. ‘कोरालपॅशन’, ओपस ७, जरूर ऐका.

टॅब्लेचर_टवाळ

मूळ प्रश्नाकडे परत. मधला एक रस्ता कुणीच घेतला नाही. रचना आधी जी मायनरमध्ये असेल आणि नकलाकाराने किंवा शिकवताना कुणीतरी अर्धा सूर खाली आणली असेल तर? जी मायनरचा पंचमावरचा कॉर्ड डी मेजर, चांगल्या आठांतला. ई-फ्लॅट, बी-फ्लॅट हजर. लांडगा फारसा आड येत नाही.

पेडलचाही पुरावा याच बाजूचा. जुन्या वाद्यांत खालचं सप्तक आखूड असे: ई दिसणाऱ्या पट्टीवर सी वाजतो, एफ-शार्पवर डी, जी-शार्पवर ई. म्हणजे खालचे सी-शार्प, डी-शार्प, एफ-शार्प, जी-शार्प नाहीतच. आता काळी तीनमध्ये षड्ज एफ-शार्प आणि पंचम सी-शार्प, नेमके दोन्ही गायब. जी मायनरमध्ये जी आणि डी, दोन्ही पायाखाली. गायक पट्टी बदलतो तसं वादकाने बदललं, एवढंच.

कोराल_प्रेमी

मग क्र. १४१, ई मेजर, त्याचं काय? तोही खाली-वर सरकवणार का? प्रत्येक अडचणीच्या रचनेला मूळ सूर वेगळा होता म्हणणं सोयीचं आहे, पुरावा नाही.

टॅब्लेचर_टवाळ

ई मेजरचा पंचमावरचा कॉर्ड बी मेजर, तोही चार नासक्यांपैकीच. हो, सरकवणार.

उत्तररात्र

किंवा दोन्ही न मानता: घरच्या क्लाविकॉर्डवर शिष्याला अवघड सूर शिकवायला लिहिलेली रचना. चर्चमध्ये रविवारी जे वाजायचं ते बहुतांशी जागेवर सुचलेलं, कागदावर न उतरलेलं. लिहिलं जायचं ते शिकवण्यासाठी.

खर्जषड्ज

वर्गवारी करतो. मध्यलय: ट्यूनिंग बदललं होतं. टॅब्लेचर_टवाळ: सूर बदलला. उत्तररात्र: वाद्यच दुसरं. तिघांपैकी दोघांच्या मते १४६ आज छापलेल्या सुरात मोठ्या ऑर्गनवर वाजलेला नाही, तेव्हा माझं मत कायम. मात्र जी मायनरच्या तर्काला एक परीक्षा द्यावी लागेल. अख्खी रचना अर्धा सूर वर नेल्यावर उजव्या हातात कुठेही वरच्या सीच्या पलीकडे जावं लागतं का, आणि ए-फ्लॅट किती वेळा येतो? जुन्या वाद्याची पट्टी तिथेच संपते, आणि ए-फ्लॅट म्हणजे मीनटोनचा जी-शार्प, ४१ सेंट उतरा. कुणी पानं मोजणार असेल तर मापाच्या (बारच्या) क्रमांकासकट टाका.

टॅब्लेचर_टवाळ

पहिल्या फ्यूगपर्यंत (एकच ओळ आळीपाळीने प्रत्येक आवाजात येते तो भाग) मोजून आज टाकतो. पुढचं अनवट_ यांनी घ्यावं, डिजिटल ऑर्गनवर ट्रान्सपोज प्लस वन दाबून ऐकतच मोजता येईल.

चौकस_नाना

मीपण ऐकतो. पण रीड घासायची सोय असती तर दुपारपर्यंत निकाल लागला असता.